पाहणी आणि फेरफार : क्लाउडच्या कमांड-शेलविषयी एक संवाद

दुसऱ्याच्या मालकीच्या डेटा सेंटरमधील संगणक, साठवणजागा आणि नेटवर्क गरजेपुरते भाड्याने घेऊन इंटरनेटवरून वापरण्याच्या व्यवस्थेला क्लाउड म्हणतात. हे भाडे तासांवर आणि पुष्कळदा सेकंदांवर मोजले जात असल्यामुळे, आपल्या खात्यावर या घडीला काय काय चालू आहे, ते कुठे आहे आणि ते कोणी सुरू केले, हे ठाऊक असणे ही या व्यवस्थेतली पहिली गरज ठरते. ॲमेझॉनने २००६ च्या मार्चमध्ये एस-थ्री ही साठवणसेवा आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ईसी-टू ही संगणक भाड्याने देणारी सेवा खुली केली, तेव्हापासून या व्यवसायाला आजचे रूप येत गेले. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे व मुंबई येथे, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईतच आपली केंद्रे सुरू केली. त्याआधी २०१४ मध्ये केंद्र सरकारचा ‘मेघराज’ हा शासकीय क्लाउड आला होता, आणि २०१८ च्या जानेवारीत महाराष्ट्र शासनाने आपल्या विभागांसाठी सार्वजनिक क्लाउडचे धोरण जाहीर केले. बीड, अंबाजोगाई, परळी किंवा माजलगाव येथे बसून एखाद्या संस्थेची वेबसाइट किंवा डेटाबेस सांभाळणाऱ्याचे यंत्र त्यामुळे बहुधा पुण्यात वा मुंबईत असते, आणि ते त्याने कधी डोळ्यांनी पाहिलेले नसते.

या न दिसणाऱ्या यंत्रांपर्यंत पोहोचण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला कन्सोलचा, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या आणि तक्ते, आलेख व बटणे असलेल्या पानांचा. दुसरा कमांडचा, ज्यात ठरावीक शब्दांतली आज्ञा टंकायची आणि उत्तरही अक्षरांतच वाचायचे. अशी आज्ञा स्वीकारून ती पूर्ण करून घेणाऱ्या आणि उत्तर पडद्यावर आणणाऱ्या प्रोग्रामला शेल म्हणतात. ही कल्पना क्लाउडपेक्षा पुष्कळ जुनी आहे : १९६० च्या दशकात लुई पूझँ या फ्रेंच अभियंत्याने ती मांडली, १९७१ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्ससाठी शेल लिहिला, १९७९ मध्ये स्टीफन बोर्न यांचा आणि १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांचा ‘बॅश’ हा शेल आला, आणि बॅश आजही असंख्य लिनक्स यंत्रांवर चालतो. या परंपरेतली सर्वांत फलदायी भर मात्र १९७३ ची आहे. डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून युनिक्समध्ये ‘पाइप’ आला आणि एका आज्ञेचे उत्तर दुसरीला थेट कच्चा माल म्हणून देता येऊ लागले.

क्लाउडसाठीचे शेल याच वंशातले आहेत. ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी २०१५ मध्ये खुला केलेला शेल टंकताटंकता पुढचा शब्द सुचवीत असे. गूगलने २०१५ मध्ये, मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये आणि ॲमेझॉनने २०२० च्या डिसेंबरमध्ये ब्राउझरमध्येच उघडणारा तयार शेल दिला. पपेट या कंपनीने २०१९ मध्ये ‘वॉश’ नावाचे साधन काढले, ते या सर्वांहून धाडसी होते : त्यात संपूर्ण क्लाउड फोल्डरांच्या झाडासारखा दिसे, म्हणजे खाते हा एक फोल्डर, त्यात सेवा, सेवेत यंत्र आणि यंत्रात त्याच्या नोंदींची फाइल, आणि ‘एलएस’ने यादी पाहावी, ‘सीडी’ने आत शिरावे, ‘फाइंड’ने शोधावे. (या आज्ञा प्रत्यक्षात रोमन अक्षरांत टंकाव्या लागतात, येथे त्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत.) उपकरणालाही फाइल मानण्याची युनिक्सची रीत आणि ती टोकाला नेणारी बेल प्रयोगशाळेची ‘प्लॅन नाइन’ प्रणाली हे या कल्पनेचे मूळ होय. वॉशचा विकास पुढे थंडावला, पण क्लाउडला फोल्डरांचे झाड मानावे का, हा त्याने उभा केलेला प्रश्न थंडावलेला नाही.

पुढील संवादातली दोन्ही पात्रे कल्पित आहेत. एक, अंबाजोगाईत तंत्रनिकेतनाच्या मुलांना संगणक शिकवणारे ज्येष्ठ शिक्षक. दुसरी, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, जी आता बीडमध्ये घरी राहून पुण्यातल्या एका कंपनीच्या क्लाउडची देखभाल करते. परंपरेने अंबाजोगाईशी जोडला जाणारा मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ गुरुशिष्यसंवादाच्याच रूपात आहे. तिथे शंका शिष्याच्या आहेत, इथे बहुतेक शंका गुरुजींच्या आहेत, एवढाच फरक.

अभियंता : सर, शेलच्या कौतुकापेक्षा एखाद्या मुलाच्या बिलापासून सुरुवात केलेली बरी. समजा, प्रकल्पासाठी त्याने क्लाउडवर यंत्र सुरू केले, पण वरच्या कोपऱ्यात अमेरिकेतला प्रदेश निवडलेला होता; प्रदेश म्हणजे कंपनीच्या एका भौगोलिक भागातल्या डेटा सेंटरांचा समूह. आठवड्याने त्याने मुंबईचा प्रदेश उघडला, यादी रिकामी दिसली, आणि यंत्र बंद झाले असे समजून तो मोकळा झाला. यंत्र तिकडे चालूच राहिले. ते थांबवले असते तरी त्याच्या डिस्कचे भाडे चालूच राहते, आणि २०२४ च्या फेब्रुवारीपासून ॲमेझॉन प्रत्येक सार्वजनिक आयपी पत्त्यासाठीही ताशी ०.००५ डॉलर घेते, म्हणजे विसरलेल्या एकेका पत्त्याचे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर होतात. शेलमध्ये सर्व प्रदेशांची नावे मागवणारी एक आज्ञा आणि त्या प्रत्येक नावासाठी यंत्रांची यादी मागवणारी दुसरी, अशा चार ओळींत हा घोळ उघडा पडतो.

शिक्षक : सर्व प्रदेशांतली यंत्रे एकत्र दाखवणारे पान ॲमेझॉनच्या कन्सोलमध्येही २०२१ पासून आहे, त्यामुळे हा गुण एकट्या शेलचा नाही. आणि तुझ्या चार ओळी लिहायला ज्याला सुचतील, त्याला प्रदेश ही भानगड आधीच ठाऊक असणार. म्हणजे ज्याची चूक होणार आहे त्याच्या त्या उपयोगाच्या नाहीत. काळ्या पडद्यावर काहीच लिहिलेले नसते, आणि काय विचारता येते हे ज्याला माहीत नाही तो तिथे मुका होतो. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. आष्टी-पाटोद्याचा शेतकरी फोनवर गट क्रमांक निवडतो, पीक निवडतो, बांधावर उभा राहून फोटो काढतो आणि नोंद सातबारावर जाते. त्याला कोणी कमांड शिकवली होती का?

अभियंता : नाही, आणि शिकवायची गरजही नाही, कारण तो एका हंगामात आपल्याच गटाची एक नोंद करतो. पण तालुक्यात कापूस किती, सोयाबीन किती आणि कोणत्या गावांत नोंदी मागे पडल्या, हे विचारायची वेळ आली की ते ॲप पुरत नाही. तिथे तक्ता लागतो आणि त्या तक्त्याला प्रश्न विचारण्याची भाषा लागते. ‘स्टीमपाइप’ नावाचे साधन २०२१ पासून हेच क्लाउडच्या बाबतीत करते : सगळी संसाधने डेटाबेसच्या तक्त्यांसारखी मांडते आणि एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत प्रश्न विचारू देते. कन्सोल एका कामासाठी उत्तम आहे सर, पण चाळीस यंत्रांवर तेच काम करायचे झाले की चाळीस वेळा तीच बटणे दाबावी लागतात आणि एकतिसाव्या यंत्राला कुठेतरी बोट घसरते. शिवाय ते काम दुसऱ्याला फोनवर सांगायचे तर ‘डावीकडच्या यादीत तिसरे, मग वर उजवीकडे’ असे सांगावे लागते, आणि कंपनीने पानाची मांडणी बदलली की सांगितलेले वाया जाते. आज्ञा फाइलमध्ये लिहून ठेवता येते, दुसऱ्याला वाचायला देता येते, आणि पुढच्या वर्षी तीच पुन्हा चालवता येते.

येथे भाषेचा मुद्दा सहज येऊ शकला असता, कारण शेल इंग्रजी शब्दांवर चालतो आणि बीड जिल्ह्यातील बहुसंख्य विद्यार्थी मराठी माध्यमातून आलेले असतात. परंतु त्यांना कन्सोलवरची बटणेही इंग्रजीतच वाचावी लागतात, आणि शेलचे शब्द मोजके व न बदलणारे असल्याने ते एकदा पाठ झाले की झाले. तेव्हा या मुद्द्याने वाद कोणत्याच बाजूला फारसा सरकत नाही. जोडणीचा मुद्दा त्याहून खरा आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याला कन्सोलचे जड पान उघडेपर्यंत थांबावे लागते, तर शेलचे उत्तर थोड्या ओळींचे असल्यामुळे अशक्त जोडणीवरही लगेच येते. शिक्षकांनी हे मान्य केले, पण लगेच त्याचीच दुसरी बाजू पुढे केली.

शिक्षक : जोडणी बारीक असते तिथे लाईटही जाते. चाळीस यंत्रांसाठी लिहिलेली तुझी आज्ञा एकोणिसाव्या यंत्राला तुटली, तर एकोणीस बदललेली आणि एकवीस न बदललेली अशी अर्धवट अवस्था राहते. कन्सोलवर काम करणारा निदान कुठवर आलो हे डोळ्यांनी पाहत असतो.

अभियंता : म्हणूनच ब्राउझरमधला शेल बरा, तो आपल्या घरातल्या यंत्रावर नाही, कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये चालतो. तोही काही काळ हालचाल नसली की सत्र मिटवतो, मायक्रोसॉफ्टच्या शेलमध्ये ही मुदत २० मिनिटांची आहे, हे खरे. खरा उपाय आज्ञेच्या घडणीत आहे. ‘यंत्र जोडा’ अशी आज्ञा दोनदा चालली तर दोन यंत्रे जोडली जातात. ‘एकूण यंत्रे चाळीस असावीत’ अशी आज्ञा दोनदा काय, दहादा चालली तरी चाळीसच राहतात. या दुसऱ्या प्रकारच्या आज्ञा अर्धवट तुटल्या तर पुन्हा चालवायच्या, बस्स. २०१४ मध्ये हॅशिकॉर्प कंपनीने काढलेले ‘टेराफॉर्म’ हे साधन याच तत्त्वावर उभे आहे.

शिक्षक : तत्त्व चांगले आहे, पण आधी दोन घटना ऐक, दोन्ही २०१७ च्या आणि महिन्याच्या आत घडलेल्या. ३१ जानेवारीला गिटलॅब या कंपनीच्या अभियंत्याला दुय्यम डेटाबेसचा फोल्डर रिकामा करायचा होता. आज्ञा बरोबर होती, पण तो ज्या पडद्यावर होता ते मुख्य यंत्र होते. चूक लक्षात येऊन त्याने आज्ञा थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. मग २८ फेब्रुवारीला ॲमेझॉनच्या एस-थ्री सेवेत बिलाची यंत्रणा हळू चालते म्हणून काही मोजके सर्व्हर काढायचे होते. नेहमीच्या लिखित पद्धतीतलीच आज्ञा होती, पण तिच्यात भरलेला एक तपशील चुकला, ठरल्यापेक्षा फार जास्त सर्व्हर निघाले, आणि अमेरिकेतल्या त्या प्रदेशावर अवलंबून असलेल्या असंख्य वेबसाइटी चार तासांहून अधिक काळ अडून बसल्या. शेलमध्ये एक अक्षर आणि एक हजार यंत्रे यांच्यातले अंतर एवढेसेच असते.

अभियंता : या घटनांचे अहवाल दोन्ही कंपन्यांनी स्वतः प्रसिद्ध केले आहेत, आणि ते वाचले तर दोष फक्त आज्ञेचा ठरत नाही. गिटलॅबकडे प्रतींच्या म्हणजे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या आणि त्यांपैकी एकही नीट चालत नव्हती. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत सापडली म्हणून बाकीचे वाचले. ॲमेझॉनने कमांड वापरणे सोडले नाही. सर्व्हर सावकाश निघतील आणि एका मर्यादेखाली संख्या जाऊच देणार नाही, असे ते साधन बदलले. आणि एक गंमत पाहा सर : त्या दिवशी कोणती सेवा चालू, कोणती बंद हे रंगांनी दाखवणारे ॲमेझॉनचे पान स्वतःच एस-थ्रीवर अवलंबून होते, त्यामुळे बंद पडलेल्या सेवेपुढेही कितीतरी वेळ हिरवी खूण तशीच होती. चित्र दिसते म्हणून खरे असते असे नाही.

शिक्षकांचा पुढचा आक्षेप या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तो कमांडविरुद्ध नसून क्लाउडला फोल्डरांचे झाड मानण्याविरुद्ध आहे.

शिक्षक : आपल्या संगणकावरच्या फोल्डरात फिरताना काही खर्च होत नाही, काही बिघडत नाही, आणि चुकून काही पुसले तर पुष्कळदा ते कचरापेटीत सापडते. क्लाउडला तेच रूप दिले की माणूस त्याच बेफिकिरीने वागतो, आणि तिथे यातली एकही गोष्ट खरी नाही. एस-थ्रीमध्ये फोल्डर नसतातच. लांबलचक नावांमधल्या तिरप्या रेघांवरून आपल्याला ते दिसतात एवढेच. यादी मागवण्याच्या विनंत्यांचेही पैसे लागतात, आणि तिथली मोठी फाइल इकडे ओढून वाचली तर डेटा बाहेर नेण्याचा आकार वेगळा. तिथे कचरापेटी नाही. जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय आधी सुरू केलेली नसेल तर पुसले ते गेले. कन्सोलमध्ये संपूर्ण बकेट, म्हणजे साठवणीचा एक संच, रिकामा करायचा तर ‘कायमचे पुसा’ अशा अर्थाचे शब्द हाताने टंकावे लागतात. शेलमध्ये ‘आरएम’ या पुसण्याच्या आज्ञेला सर्व उतरंडीची खूण जोडली की ती काही न विचारता सगळे पुसत जाते.

अभियंता : तिथेच ‘ड्रायरन’ची खूण जोडली तर काय काय पुसले जाईल याची यादी मिळते आणि प्रत्यक्षात काहीच पुसले जात नाही.

शिक्षक : एस-थ्रीमध्ये हो. ईसी-टूमध्ये जवळपास तेच नाव असलेली खूण फक्त तुला परवानगी आहे की नाही एवढेच सांगते. कोणती यंत्रे जातील हे सांगत नाही. एका कंपनीच्या दोन सेवांत ही स्थिती, तर तीन कंपन्या एकाच झाडाला टांगल्यावर काय होईल?

या आक्षेपाला अभियंत्याजवळ पुरेसे उत्तर नव्हते, आणि ते असू शकते असे वाटतही नाही. एकसारखे रूप देणारे प्रत्येक साधन खालचे फरक झाकते. शोध घेताना हे झाकणे सोयीचे असते, बदल करताना तेच घातक ठरते. दोन क्रियांमधला हा भेद शिक्षकांनी पुढे महसुली दप्तराच्या आधाराने मांडला. बीड जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तिथल्या जमिनींच्या वादात आजही जुने खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक काढून पाहिले जाते, त्यामुळे हा आधार मराठवाड्यातील वाचकाला परका वाटणार नाही.

शिक्षक : सातबारा कोणीही काढू शकतो, १ मे २०१८ पासून तो डिजिटल सहीचाही मिळतो, आणि तो पाहिल्याने जमिनीचे काही बदलत नाही. पण त्यात नाव चढवायचे तर फेरफार लागतो. तलाठी, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात ते, गाव नमुना ६ मध्ये नोंद धरतात, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात, हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते, आणि नोंद धरणाऱ्याहून वेगळा माणूस, मंडळ अधिकारी, ती प्रमाणित करतो. तेव्हा कुठे सातबारा बदलतो, आणि बदलाखाली फेरफाराचा क्रमांक राहतो. पाहणे आणि बदलणे यांच्यामध्ये जमीन महसूल संहितेने एवढी मोठी भिंत घातली आहे. तुझ्या शेलमध्ये ‘दाखव’ आणि ‘पूस’ या दोन आज्ञा एकाच ओळीवर, एकाच हाताने, एकाच अधिकाराने चालतात.

अभियंता : चालवू दिल्या तर चालतात. क्लाउडमध्ये प्रत्येक वापरकर्त्याला कोणकोणत्या आज्ञा चालाव्यात हे लिहून ठरवता येते, आणि ॲमेझॉनने तर केवळ वाचनाचा अधिकार देणारी तयार नियमावलीच ठेवली आहे. ती लावलेल्या माणसाने शेलमध्ये पुसण्याची आज्ञा कितीही टंकली तरी नकारच मिळतो. म्हणजे भिंत शेलमध्ये नाही, खात्यात घालायची असते. फेरफाराच्या नोटिशीचे कामही टेराफॉर्म करते : ‘प्लॅन’ म्हटले की काय जोडले जाईल, काय बदलेल, काय जाईल हे आधी छापते, आणि दुसऱ्याने ते वाचून होकार दिला की मग ‘अप्लाय’. पण सर, तुमची तुलना एका ठिकाणी तोकडी पडते. सातबारा सार्वजनिक आहे. दवाखान्यातल्या रुग्णांची यादी किंवा मुलांच्या गुणपत्रिका सार्वजनिक नाहीत. ती वाचनाची नियमावली दिली की माणूस नुसती यादी पाहत नाही, बकेटमधल्या फाइलीही उघडून वाचू शकतो. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर हे हलक्यात घेता येणार नाही. म्हणून नावे व स्थिती दाखवणारी पण आतला मजकूर न उघडणारी वेगळी नियमावली असते, आणि नवख्याला ती द्यायची.

शिक्षक : हे कबूल. म्हणजे पाहणीचेही दोन प्रकार झाले, बांधावरून आणि घरात शिरून. आता नोंदवहीचे बोल. फेरफाराला क्रमांक असतो, तुझ्या आज्ञेला काय असते?

अभियंता : शेलमध्ये प्रत्येक आज्ञेचा इतिहास राहतो, बटणांचा राहत नाही.

हे विधान अर्धेच खरे आहे, आणि शिक्षकांनी ते तसे जाऊ दिले नाही. कन्सोलवरचे बटण दाबले तरी आतून तीच विनंती क्लाउडकडे जाते जी कमांडने गेली असती, आणि ॲमेझॉनची ‘क्लाउडट्रेल’ ही नोंदसेवा दोन्ही विनंत्या कोणी, केव्हा, कुठून केल्या हे सारखेच टिपते. उलट शेलचा स्वतःचा इतिहास ही ज्याची त्याच्याजवळ असलेली फाइल असल्यामुळे ती पुसणे किंवा खाडाखोड करणे अवघड नसते, तेव्हा पुरावा म्हणून तिचे मोल थोडेच. मात्र क्लाउडट्रेलच्या आयत्या मिळणाऱ्या नोंदीलाही दोन उणिवा आहेत. ती ९० दिवसांचीच दिसते. आणि यंत्र सुरू करणे, बंद करणे, परवानग्या बदलणे अशा व्यवस्थापनाच्या घटना तिच्यात येत असल्या तरी बकेटमधली एखादी फाइल कोणी वाचली वा पुसली हे, ती सोय पैसे मोजून वेगळी सुरू केल्याशिवाय, येत नाही. इकडे सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा देणाऱ्या संस्थांनी, कंपन्यांनी आणि शासकीय कार्यालयांनी आपल्या संगणकप्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या आहेत. आयत्या सोयीवर विसंबणारा त्यामुळे निम्म्या मुदतीलाच उघडा पडतो, मग त्याने बटण दाबलेले असो वा आज्ञा टंकलेली.

अभियंता : हा मुद्दा तुमचा, सर. पण तातडीचे काय? पीक विम्याच्या अखेरच्या दिवशी सेवा केंद्रांवर रात्री उशिरापर्यंत रांगा असतात. अशा रात्री एखाद्या पोर्टलचे सर्व्हर कमी पडले, तर फेरफारासारखे १५ दिवस थांबायचे? त्या वेळी ज्याला शेल येतो तोच दोन मिनिटांत यंत्रे वाढवू शकतो.

शिक्षक : ‘बीड पॅटर्न’ म्हणून विम्याचा जो ढाचा २०२० च्या खरिपापासून गाजला, त्यातही नफातोट्याच्या मर्यादा हंगामाआधीच ठरलेल्या होत्या, भरपाई हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा भार राज्याने घ्यायचा, आणि फार कमी निघाली तर कंपनीने २० टक्के ठेवून बाकी परत करायची. अखेरच्या दिवशी कोणी बसून आकडे ठरवले नाहीत. गर्दीही दरवर्षी येते, तारीखही माहीत असते; मग इतका भार आला की इतकी यंत्रे वाढावीत आणि ओसरला की कमी व्हावीत, हा नियम आधीच लिहून ठेव. रात्री साडेअकराला घाईत टंकलेल्या आज्ञेवर पोर्टल चालत असेल, तर ती तातडी नव्हे, आधीची हयगय आहे.

अभियंता : नियमात न बसणारा बिघाडही येतोच, सर. सगळे आधी लिहून ठेवता येत नाही.

शिक्षक : येतो. त्या वेळी बदलाचा अधिकार तासाभरापुरता द्यावा, मागणाऱ्याने कारण लिहावे, आणि मुदत संपली की तो आपोआप जावा. कायमची किल्ली कोणाच्याच खिशात नको, तुझ्याही नाही.

अभियंत्याला हे अर्धेच पटले. रात्रपाळीत एकट्या बसलेल्या माणसाने तो तासाभराचा अधिकार मागायचा कोणाकडे, हा तिचा प्रश्न अनुत्तरित राहिला. तो खरा अडचणीचा आहे. दोन-तीन माणसांच्या संस्थेत नोंद धरणारा आणि प्रमाणित करणारा हे दोन वेगळे हात मिळतीलच असे नाही, आणि मोठ्या कंपन्यांसाठी लिहिलेल्या शिस्तीच्या पुस्तकांत या अडचणीची दखल क्वचित घेतलेली असते. शिक्षकांचा मूळ आग्रह, की नवख्याला आधी कन्सोलच द्यावा, हाही या संवादातून सिद्ध होत नाही. रिकाम्या पडद्यापुढे मुका होणारा मुलगा बटणांच्या गर्दीपुढेही तितकाच गोंधळतो, फक्त तिथे तो गोंधळ लगेच दिसून येत नाही. शेलचे सामर्थ्य शोधात आहे, आणि शोधासाठी तो कन्सोलपेक्षा निश्चित सरस आहे. बदलासाठी मात्र हाताने टंकलेली सुटी आज्ञा हे कोणाच्याही हाती चांगले साधन नाही, तिथे आधी लिहिलेली आणि शक्यतो दुसऱ्याने वाचलेली फाइलच हवी. अंबाजोगाई, बीड किंवा परळीच्या ज्या महाविद्यालयांत क्लाउडची प्रात्यक्षिके घेतली जातात, त्यांनी पहिल्या सत्रात मुलांना यादी पाहण्यापुरताच अधिकार असलेली खाती आणि शेल द्यावा, बदलाचा अधिकार दुसऱ्या सत्रात व फाइलीमार्फतच द्यावा, आणि त्याआधी संस्थेच्या खात्यावरची नोंद ९० ऐवजी किमान १८० दिवस टिकेल अशी सोय करून घ्यावी.